अर्धे भरलेले आकडे

१

पाक दर्सोनो कॅमेऱ्याचे आकडे भरता भरता गेले, असं सकाळी चहाच्या टपरीवर जो तो म्हणत होता. मी पाकच्या घरी पोचायच्या आधीच ठाण्यातला शिपाई मला शोधत आला. ज्या कॅमेऱ्यावर ते काम करत होते त्याला माझ्या नावाची चिठ्ठी बांधलेली होती.

जाव्हा बेटावरच्या मलांगमध्ये ज्या गल्लीत पाक राहत, तिथे मी तीस-एक वर्षं जात होतो. वर्तमानपत्रात फोटोग्राफर होतो तेव्हापासून. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक किंवा बापक म्हणतात, बाईला बू आणि दादाला मास. जुन्या कॅमेऱ्याच्या चकत्यांवर आकडे कोरलेले असतात आणि त्या खाचांत रंग भरलेला असतो. बोटांच्या घामानं तो रंग उडून जातो, मग काळ्या चकतीवर काळ्या खाचा उरतात आणि काही वाचता येत नाही. पाक त्या खाचा सुईनं साफ करत, त्यांत नवा रंग दाबून बसवत आणि वरचा पुसून काढत. अख्ख्या जाव्हातून लोक त्यांच्याकडे कॅमेरे पाठवत. आमचं गाव फार कशासाठी ओळखलं जात नाही, पण कॅमेऱ्याच्या शौकिनांत पाक दर्सोनोंचं गाव म्हणून ओळखलं जायचं.

स्वयंपाकघरामागच्या त्यांच्या खोलीत पोलीस ठाण्याच्या इन्स्पेक्टर नस्तिती उभ्या होत्या. ठेंगण्या, पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई. पाक टेबलाच्या पायाशी पडले होते. कपाळावर भिंगाचा पट्टा होता, भिंगाला ओरखडासुद्धा नव्हता. टेबलावरचा दिवा भर उजेडात तसाच जळत होता. दिव्याखाली माझा कॅमेरा होता, शेजारी पांढऱ्या रंगाचा उघडा डबा आणि टोक चपटं केलेली आगपेटीची काडी. शटरच्या वेगाच्या चकतीवरचे एकपासून तीसपर्यंतचे आकडे पांढरेशुभ्र झाले होते. साठपासून पुढचे रिकामे.

मी नकळत बोट लावलं. रंग अजून मऊ होता, अंगठ्याचा ठसा उमटला.

"हात लावू नका, पाक गुनार्दी," नस्तिती म्हणाल्या. "हा तुमचाच ना?"

"माझाच. गेल्या आठवड्यात दिला होता."

"काम करताना स्टुलावरून पडले असं सगळे म्हणतायत. तुम्हाला काय वाटतं?"

"तसंच दिसतंय."

"मग जखम डोक्याच्या मागे कशी? टेबल तर समोर होतं." त्यांनी टेबलाचा लोखंडी कोपरा दाखवला. तिथे रक्त सुकलेलं होतं. "टेबलाकडे पाठ करून ते उभे होते. समोरून कोणीतरी ढकललं. गल्लीकडचं दार आतून लावलेलं आहे. दिवा लागलेला, म्हणजे अंधार पडल्यावर ते कामाला बसले होते. आणि अंधार पडल्यावर या घरात दुसरं एकच माणूस होतं."

त्या स्वयंपाकघराकडे बघत होत्या. तिथे चुलीपाशी पाकची सून विदुरी बसली होती. ती रडत नव्हती. तिनं दोन्ही हात ओढणीच्या पदरात गुंडाळून घेतले होते.

२

विदुरीचा नवरा तेगुह समुद्रापलीकडे कालिमांतानला कोळशाच्या खाणीत नोकरीला. वर्षातून दोनदा घरी यायचा. सासरा आणि सून, एवढीच माणसं घरात. ती कोणाशी फार बोलायची नाही. मी कॅमेरा द्यायला गेलो की दारातच घ्यायची, "बापक झोपलेत, मी देते त्यांना," म्हणायची.

मी ठाण्यात जबाब द्यायला गेलो आणि नस्तितींनी मला थांबवून घेतलं. "या कॅमेऱ्यांच्या कामातलं मला काही कळत नाही. कोणी थापा मारत असेल तर मला सांगा," म्हणाल्या. त्यामुळे बाकीच्यांची बोलणीही माझ्या कानावर पडली.

"काल दुपारी मी बाजारात गेले होते," विदुरी म्हणाली. "तिथून शिंप्याकडे. परत आले तेव्हा खोलीचं दार लोटलेलं होतं. चहाला हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. दिवेलागणीला, मगरिबच्या अजानीनंतर, जेवायला हाक मारली, तेव्हाही तसंच. फटीतून उजेड दिसत होता. हल्ली कधी कधी ते दार लावून बसायचे, बोललेलं आवडायचं नाही. म्हणून मी आत गेले नाही."

"रात्रभर एकदाही बघितलं नाहीत?"

"नाही. सकाळी दार उघडलं तेव्हाच."

"हात दाखवा."

ती दाखवेना. शेवटी नस्तितींनी स्वतः पदर बाजूला केला. नखांत पांढरा रंग होता.

"हा कुठून आला?"

विदुरीनं मान खाली घातली. पुढे तासभर तिच्या तोंडून शब्द निघाला नाही.

जुन्या कॅमेऱ्यांचा व्यापारी कोह लियोंग आला तो धापा टाकतच. काल सकाळी तो पाकशी भांडला होता आणि ते गल्लीनं ऐकलं होतं.

"भांडलो ना," तो म्हणाला. "मी त्यांना थेरडा म्हणालो, ते मला बोका म्हणाले. आमचा तोच नमस्कार होता, बू. माझे चार कॅमेरे अडकवून ठेवले होते, सारखं उद्या या, परवा या. दुपारपासून मी दुकानात. माझी बायको सांगेल, तिला माझी बाजू घ्यायची सवय नाही."

"काम कसं होतं त्यांचं?"

"आता तर पूर्वीपेक्षा स्वच्छ. म्हातारपणी माणसाचा हात सुधारतो हे मी यांच्याच बाबतीत पाहिलं." त्यानं डोळे पुसले. "थेरडा म्हणालो तेच शेवटचं झालं."

त्यानंतर सातरियो आला. चाळिशीचा, देखणा, पाकचा एकेकाळचा शिष्य. दहा वर्षांपूर्वी त्यानं स्वतःचं दुकान काढलं. जुन्या कॅमेऱ्यांचं वेड लागलेली तरुण मुलं त्याच्याकडे शिकायला येत. पाक दर्सोनोंचा शिष्य हे त्याच्या पाटीवर त्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होतं.

"माझे वडीलच गेले, बू," तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच फाटला होता. पाकच्या टेबलावरून आणलेला डबा आणि काडी नस्तितींच्या पुढ्यात होती. "दर शनिवारी मी त्यांच्याशेजारी बसायचो. परवाच्या शनिवारीसुद्धा त्यांनी माझ्यासमोर एक चकती भरली. हाच डबा, हीच काडी. डोळे मिटून भरतील असा हात."

"काल?"

"काल संध्याकाळी सुराबायात वर्ग होता. दुपारीच निघालो. वीसेक मुलं होती, विचारा त्यांना."

नस्तितींनी विचारलं. मुलांनी सांगितलं, सर संध्याकाळभर आमच्यातच होते, जेवलेही आमच्याबरोबर.

डॉक्टरांचं म्हणणं, मृत्यू दुपारनंतर केव्हाही झाला असेल, नक्की वेळ सांगता येत नाही. पण दिवा अंधाराचं सांगत होता, दाराची कडी आतल्या माणसाचं आणि नखांतला रंग विदुरीचं. दुपारपर्यंत गल्लीनं निकाल लावून टाकला. बायका आपसांत म्हणू लागल्या, नवरा लांब, सासरा तापट, काय काय सोसलं असेल बाईनं, कोणाला ठाऊक. त्यांत कीव होती, पण सुटका नव्हती.

विदुरीला ठाण्यातच ठेवून घेतलं. मी निघताना ती मला एवढंच म्हणाली, "पाक गुन, तेगुह उद्या येतायत. त्यांना सांगा, मी बापकना कधी उलटून बोलले नाही."

स्वतःला वाचवायला ती एक शब्द बोलत नव्हती आणि हे मात्र आवर्जून सांगत होती. मला ते विचित्र वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी नस्तितींनी निरोप पाठवला, पाकनी आजवर भरलेले जेवढे कॅमेरे तुमच्याकडे असतील तेवढे घेऊन त्यांच्या घरी या.

माझ्याकडे दोन होते. एक तरुणपणीचा, कधीतरी फार पूर्वी भरून घेतलेला. दुसरा गेल्या वर्षीचा. नस्तितींनी ते खिडकीत ठेवले आणि माझ्या हातात सुई दिली.

"एकेका आकड्याच्या कडेला जरा टोचून बघा. तुमचेच आहेत, तुम्हीच टोचा."

माझ्या जिवावर आलं. जुन्या कॅमेऱ्यात सुई घातली तर रंगाचा कपचा उडाला. कडक, वाळलेला तेलरंग. नव्यात घातली तर सुई लोण्यात जावी तशी आत गेली आणि पांढरी बारीक वळी बाहेर आली. मेण होतं ते. रंगीत मेणाच्या कांड्या मिळतात, घासायच्या आणि पुसायच्या. थरथरत्या हाताला तेही जमत नाही, पण सवय असेल तर काम फार सुबक होतं.

"पद्धत बदलली त्यांनी," मी म्हणालो.

"पद्धत बदलली की हात?" नस्तिती म्हणाल्या. "काल कोह लियोंग काय म्हणाला आठवतंय? म्हातारपणी हात सुधारला. माझ्या वडिलांना जाऊन चार वर्षं झाली. म्हातारपणी त्यांचं काय काय बिघडलं ते मी बघितलंय. सुधारलेलं काही आठवत नाही."

त्यांनी पिशवीतून रंगाचा तो डबा काढला. चिमट्यानं वरचा पापुद्रा धरून उचलला. तो दुधावरच्या सायीसारखा नव्हता, चपलेच्या चामड्याएवढा जाड होता. एका बाजूला ताजं भोक पाडून, पापुद्रा दुमडून, खालचा पातळ रंग घेतलेला होता.

"असा थर चढायला किती दिवस लागतात?"

"दिवस कसले, वर्षं लागतात," मी म्हणालो. "हा डबा वर्षानुवर्षं कोणी उघडलेलाच नाही."

आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की ठाण्यात कोणीतरी याच डब्याबद्दल काहीतरी वेगळं सांगितलं होतं.

४

पण नस्तिती सातरियोकडे गेल्या नाहीत. त्या विदुरीला घेऊन आल्या आणि तिला तिच्याच स्वयंपाकघरात बसवलं. मला उंबऱ्याशी थांबायला सांगितलं. फडताळावर धने, हळद, कोळंबीचा मसाला अशा डब्यांची रांग होती. नस्तितींनी एकेक झाकण उघडलं. मागच्या रांगेतल्या डब्यात पांढऱ्या, लाल, पिवळ्या मेणाच्या कांड्या निघाल्या, सुया आणि मऊ कापडाच्या घड्या.

"विदुरी," त्या पहिल्यांदाच नुसतं नावानं बोलल्या, "किती वर्षं तू हे काम करतेयस?"

विदुरीनं माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जायला लागलो तर म्हणाली, "राहू द्या. तुमच्याही कॅमेऱ्याचंच आहे."

मग ती बोलली. पाकचे हात थरथरायला लागले त्याला बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला ते औषध घेऊन काम करत. मग एके दिवशी एका गिऱ्हाइकाच्या चकतीवर सुई घसरली आणि ओरखडा गेला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला शेजारी बसवलं.

"ते सांगायचे, मी करायची. न्दुक, पोरी, सुई आडवी धर. न्दुक, श्वास सोडताना पुसू नकोस. स्वतःचे हात मांडीखाली दाबून ठेवायचे, मला दिसू नयेत म्हणून. तेलरंग मला जमेना, तर त्यांनीच मेण सुचवलं. मी आपली इथे चुलीपाशी करायची, कोणी आलं तर झाकता यावं म्हणून."

"आणि हे कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं."

"त्यांनी शपथ घातली नव्हती. नुसतं म्हणाले होते, मी आहे तोवर नको." तिनं पदर घट्ट आवळला. "तेगुहनाही माहीत नाही. काल सकाळी मी ती चकती पाहिली, अर्धी भरलेली, आणि मला कळलं की हे बापकनी केलेलं नाही. त्यांना काडीसुद्धा धरता येत नव्हती, चहाचा पेला मी तोंडाला लावायची. पण हे सांगितलं असतं तर ते गेले त्याच दिवशी सगळ्या गावात त्यांची अब्रू गेली असती. प्रेत अजून घरात होतं, बू."

"म्हणून तू खुनाचा आळ घेतलास."

"घेतला नाही. नाकारला नाही."

नस्तितींनी मेणाच्या कांड्यांच्या डब्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, "तुझं गुपित मला सांगावं लागेल. लोकांतही जाईल ते. माझ्याजवळ दुसरा उपाय नाही."

तेव्हा मात्र विदुरी रडली. आदल्या दिवशीपासूनचं सगळं एकदम रडली.

५

सातरियोच्या दुकानाकडे चालत जाताना नस्तितींनी मला सरळ सांगितलं.

"बघा, ज्यानं हे रचलं त्याला पाक अंधार पडल्यावरही जिवंत होते असं दाखवायचं होतं. म्हणून दिवा, म्हणून भिंग. खाली पडलेल्या माणसाचं भिंग फुटलं नाही, कारण ते नंतर चढवलं. असं कोण करेल? ज्याच्याकडे अंधारानंतरची साक्ष आहे तो. विदुरीला तर त्यात उलटा फासच होता."

"कोह लियोंगची साक्ष तर दुपारपासूनचीच होती."

"म्हणून त्याला दिव्याचा काही उपयोग नव्हता. शिवाय त्याला चकती भरता येत नाही. ही अर्धी चकती ज्यानं भरली त्याला काम येतं. गावात असे दोघंच. विदुरीला ठाऊक होतं की पाकना काडी धरवत नाही, ती असा देखावा कशाला करेल? आणि केलाच तर मेण वापरेल, मेलेला डबा फोडणार नाही. हा देखावा अशा माणसाचा आहे ज्यानं पाकना खूप पूर्वी काम करताना पाहिलंय, आणि हल्ली पाहिलेलं नाही."

सातरियोनं आम्हाला बसायला सांगितलं, कॉफी मागवली. भिंतीवर त्याचा आणि पाकचा जुना फोटो होता. नस्तितींनी पिशवीतून डबा काढून काउंटरवर ठेवला.

"मास सातरियो, शनिवारी त्यांनी रंग याच डब्यातून घेतला?"

"हो."

"तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोर. तुम्हाला सांगितलं ना."

"जरा झाकण काढा."

त्यानं काढलं. तो कसबी माणूस होता, जाड पापुद्रा आणि त्यातलं एकमेव भोक दिसताच त्याला पुढचं काही सांगावं लागलं नाही. त्यानं झाकण परत बसवायचा प्रयत्न केला. ते बसेना.

"शनिवारी मी गेलोच नव्हतो," तो म्हणाला. "कित्येक वर्षांत मला त्यांनी एकदाही आत घेतलं नव्हतं. मुलांना मी सांगायचो की दर आठवड्याला जातो."

"आणि परवा?"

"जाकार्तात प्रदर्शन आहे. लोक म्हणाले, गुरूंचा हात चालताना एकदा तरी दाखवा. मी दहादा निरोप पाठवला. परवा सुराबायाला निघण्याआधी गेलो, विदुरी घरात नव्हती. मी म्हटलं, एक आकडा भरा, फक्त एक, मी मोबाइलवर घेतो. ते उठून उभे राहिले आणि हात खिशात घातले. मी विनवण्या केल्या. ते म्हणाले, जा इथून. हात काही खिशातून काढेनात." त्यानं स्वतःचे हात काउंटरवर पालथे ठेवले. "मला वाटलं, आपली विद्या मला द्यायची नाही म्हणून. पंधरा वर्षं मी त्यांच्या घरात झाडू मारला होता, बू. मी त्यांचा हात ओढून बाहेर काढला. त्यांनी हिसडा दिला. मग मी ढकललं."

"हात धरलात तेव्हा काही कळलं नाही?"

"थरथरत होता. रागानं, असं वाटलं."

"रागानं नव्हे," नस्तिती म्हणाल्या. "त्यांना चहाचा पेलाही धरता येत नव्हता. ते नाही म्हणत नव्हते, मास. त्यांना येत नव्हतं, आणि ते तुम्हाला दिसू द्यायचं नव्हतं."

सातरियो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा नुसतं न समजणं होतं, मुलाला एखादं गणित कळू नये तसं. नंतर ते कळलं. कॉफी घेऊन आलेली बाई त्याचा चेहरा पाहून दारातच थांबली.

बाकीचं त्यानं स्वतःच सांगितलं. घाबरून कडी लावली, फडताळाच्या तळातला जुना डबा काढला, माझी चकती अर्धी भरली, पाकच्या कपाळावर भिंग चढवलं, दिवा लावला आणि स्वयंपाकघरातून निघून गेला. शिकाऊ असताना त्याच घरात राहिल्यामुळे त्याला सगळं ठाऊक होतं. "ती भरताना हात एकदाही हलला नाही," तो म्हणाला. "त्याचीच मला भीती वाटते."

६

सगळ्या गावाला कळलं. काही लोकांनी कॅमेरे परत आणून विदुरीच्या दारात ठेवले, आम्हाला दर्सोनोंचा हात हवा होता म्हणाले. कोह लियोंग त्यांच्याशी भांडला. तेगुह आला, त्यानं सगळं ऐकलं आणि दोन दिवस बायकोशी बोलला नाही. बापाचं दुखणं तिला माहीत होतं आणि मुलाला नव्हतं, हे त्याला गिळवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो तिच्याजवळ जाऊन बसला एवढं मला माहीत आहे. काय बोलले ते माहीत नाही.

खटला उभा राहण्याआधी विदुरीनं सातरियोला भेटायचं म्हटलं. तेगुह येईना, म्हणून मी गेलो. तिनं केळीच्या पानात भात आणि सोयाबीनचं तळलेलं तेंपे नेलं होतं. जाळीपलीकडे तो बराच वाळलेला दिसत होता.

"जाकार्ताला मी गुरूंचं काम म्हणून जे तीन कॅमेरे पाठवले होते," त्यानं विचारलं, "ते तुझे?"

"माझे."

"छान होते." मग म्हणाला, "तुला रागवायचे का ते? शिकवताना?"

"रोज. एकदा कापड फेकून मारलं."

"मलाही मारायचे." तो हसल्यासारखा झाला. "मग मला का नाही सांगितलं? तुला सांगितलं. मी काय परका होतो?"

विदुरी उत्तर द्यायला कचरली. मी तिचा दंड धरला, पण ती बोललीच.

"तुम्ही दारात आलात की मला म्हणायचे, त्याला सांग मी झोपलोय. मी एकदा विचारलं, मास सातरियोंना सांगायला काय हरकत आहे, ते मदतच करतील. तर म्हणाले, गिऱ्हाइकांसमोर म्हातारा झालो तरी चालेल. त्या पोराच्या नजरेत मला अजून धडधाकट राहायचंय."

सातरियोनं जाळीला कपाळ टेकलं. पहारेकऱ्यानं वेळ संपल्याचं सांगितलं तरी त्यानं डोकं उचललं नाही. पानातला भात तसाच राहिला.

बाहेर ऊन होतं. आम्ही रस्त्याकडेला गाडीची वाट बघत उभे राहिलो.

"सांगायला नको होतं का मी?" विदुरीनं विचारलं.

"त्यानं विचारलं तुला."

"हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला सरळ काही विचारलं." ती रस्त्याकडे बघत होती. "तो दारात यायचा तेव्हा मी नुसती थोडी बाजूला झाले असते, तरी त्याला ते आत बसलेले दिसले असते. हात मांडीखाली घेऊन. तेवढंच पुरलं असतं."

गाडी आली. ती चढली, खिडकीपाशी बसली आणि शेजारच्या बाईला जागा व्हावी म्हणून जरा बाजूला सरकली.